विजेचे छप्पर की छपरावरची वीज

सौरऊर्जेचा विषय आमच्या सोसायटीत निघाला तो गळतीमुळे. मुलुंड पूर्वेची आमची इमारत १९८८ सालची, तळमजला अधिक चार मजले, वीस बिऱ्हाडे. त्यातले सर्वांत वरच्या मजल्यावरचे एक बिऱ्हाड आमचे. गेल्या पावसाळ्यात आमच्या आतल्या खोलीच्या छताला पंख्याच्या हुकाभोवती ओल धरली, आठ-दहा दिवसांत रंगाचे पोपडे पलंगावर पडू लागले आणि शेवटी पंखा उतरवून त्याच्या जागेखाली बादली ठेवण्याची वेळ आली. गच्चीवरच्या चायना मोझॅकखालचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा पाणी अडवणारा थर, जागोजागी पोकळ वाजतो, हे स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्या अभियंत्यांनी आम्हाला पूर्वीच लिहून दिले होते. (तीस वर्षांपुढच्या इमारतींना मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या ३५३ ब कलमाखाली हे ऑडिट बंधनकारक आहे, म्हणून ते झाले, एरवी आम्ही ते करून घेतले असते असे मला तरी वाटत नाही.)

मुंबईत अशा गळतीवर सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे गच्चीवर पत्र्याची शेड. तोच ठराव व्हायचा होता. तेवढ्यात कमिटीतल्या एका तरुण सदस्याने विचारले, की पत्र्यावर पैसे घालायचेच असतील तर ते छप्परच विजेचे का असू नये? त्यांनी एका कंपनीच्या माणसाला बोलावले, त्याने लॅपटॉपवर चित्रे दाखवली आणि ‘एका दगडात दोन पक्षी’ हे वाक्य अर्ध्या तासात तीनदा म्हटले. त्या दिवसापासून सोसायटीत दोन तट पडले, आणि दोन्ही तटांना एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पडला होता: छप्पर आणि वीज ही एकच वस्तू असावी की दोन?

आधी शब्द स्पष्ट करतो, कारण आमच्या पहिल्या दोन सभा केवळ शब्दांच्या घोटाळ्यात गेल्या. नेहमीची सौर यंत्रणा म्हणजे आहे त्या गच्चीवर लोखंडाचा किंवा अॅल्युमिनियमचा सांगाडा उभारून त्यावर बसवलेली पॅनेल. पाणी अडवण्याचे काम खालच्या स्लॅबचे, वीज करण्याचे काम वरच्या पॅनेलचे. एकात्मिक सौर छप्पर म्हणजे जिथे पॅनेल किंवा सौर कौल हेच छप्पर असते. त्याखाली दुसरे आवरण नसते, किंवा असले तरी ते नावापुरते असते. व्यवसायातली मंडळी त्याला ‘बीआयपीव्ही’ म्हणतात. आमच्यापुढे आलेला प्रस्ताव या दुसऱ्या प्रकारातला होता: संपूर्ण गच्चीवर उंच सांगाडा, त्यावर एकमेकांना भिडवलेली पॅनेल, दोन पॅनेलांच्या सांध्यात रबरी पट्टी आणि पट्टीखाली अॅल्युमिनियमची पन्हळ. पत्र्यावर क्लॅम्पने पॅनेल आवळणे हा तिसरा प्रकारही असतो, पण तो मुळात नेहमीच्याच प्रकारात मोडतो.

एकात्मिक छपराचे आकर्षण परदेशातून आले आहे, आणि तिथे त्यामागे एक सरळ हिशेब आहे. अमेरिकेतल्या बहुतेक घरांची छपरे उतरती आणि डांबरी चकत्यांची असतात. ती दर वीस-पंचवीस वर्षांनी उपसून नवी घालावीच लागतात. तो खर्च होणारच असेल तर चकत्यांच्या ऐवजी वीज देणाऱ्या चकत्या घालाव्यात, हा विचार पटण्यासारखा आहे. टेस्लाने २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आपले सौर छप्पर जाहीर केले ते याच गिऱ्हाइकासाठी. पण त्याच वर्षी डाऊ या बलाढ्य रसायन कंपनीने आपल्या सौर चकत्यांचे उत्पादन गुंडाळले, ही गोष्ट मात्र चित्रे दाखवणारे सहसा सांगत नाहीत. ज्यांच्या घरावर त्या चकत्या आधीच चढल्या होत्या, त्यांना त्याच मापाची बदली चकती पुढे कुठून मिळणार, हा प्रश्न मला त्या बातमीपासून सुटलेला नाही, आणि आमच्या निर्णयात त्याचा मोठा वाटा होता.

कंपनीच्या माणसाने दुसऱ्या भेटीत सांध्याचा एक नमुना आणला. हातभर लांबीची अॅल्युमिनियमची पन्हळ, तिच्यावर काचेचे दोन तुकडे आणि मधे काळी रबरी पट्टी. कमिटीच्या टेबलावर त्याने त्यावर पेलाभर पाणी ओतले. पाणी पट्टीवरून घरंगळत पन्हळीत गेले, टेबल कोरडे राहिले, सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्या मजल्यावरचे काका परळच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पट्टीचे टोक नखाने उचलले, ती दोन बोटांत दुमडून पाहिली आणि विचारले, “डब्याच्या खिडकीचे रबर उन्हाने कडक होते, मग त्याला चिरा पडतात. हे रबर किती वर्षांनी बदलायचे?” दहा-बारा वर्षे काही होत नाही, असे उत्तर आले. “ठीक. बदलायचे झाले तर वरून बदलता येते की पॅनेल उचलावे लागते?” पॅनेल उचलावे लागते. “म्हणजे तोपर्यंत वीज बंद. आणि हे काम तुमचा वायरमन करणार की आमचा वॉटरप्रूफिंगवाला?” त्यावर त्या गृहस्थांनी कार्यालयात विचारून कळवतो असे सांगितले, आणि पुढे महिनाभर काही कळवले नाही.

मला त्या संवादात सगळ्या प्रश्नाची नाडी सापडली. पॅनेलांच्या उत्पादनक्षमतेची हमी बहुधा २५ वर्षांची असते. पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करून देणारा इन्व्हर्टर त्याच्या निम्म्याहून कमी काळात बदलावा लागतो. रबर, सीलंट आणि वॉटरप्रूफिंग यांची आयुष्ये आणखी वेगळी. जिथे या वस्तू सुट्या असतात तिथे प्रत्येक आपापल्या वेळी म्हातारी होते आणि बदलली जाते. जिथे त्या एकजीव केलेल्या असतात तिथे सर्वांत अल्पायुषी वस्तूसाठी सर्वांत दीर्घायुषी वस्तू उचकटावी लागते. शिवाय मुंबईत छप्पर गळणे हा अपवाद नव्हे. सांताक्रूझ वेधशाळेच्या नोंदीत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ची तिथली ९४४ मिलिमीटरची नोंद माप म्हणून घेतली, तर आमच्या २६० चौरस मीटरच्या गच्चीवर एका दिवसात २ लाख ४५ हजार लिटर पाणी पडते. दुरुस्त केलेली स्लॅब ते पाणी नळांतून काढून देईल, आणि कुठे तुंबलेच तर घोटाभर पाणी काही तास धरूनही ठेवील. बोटभर रुंदीच्या पन्हळींत झाडाचे एक पान आणि कबुतराची चार पिसे अडकली की पाणी सांध्यावरून पलीकडे जाणार. आमच्या आवारातला शिरीष पिसांचीही गरज पडू देणार नाही.

यानंतर मी कागद घेऊन बसलो तेव्हा दुसरी विसंगती दिसली, जी मला आधी लक्षात यायला हवी होती. गच्ची २,८०० चौरस फुटांची आहे. छप्पर म्हणून उपयोग व्हायचा तर ती सगळी झाकली पाहिजे. अर्धवट छप्पर म्हणजे छत्रीला भोक. आजकाल सर्रास मिळणारे ५५० वॅटचे पॅनेल साधारण २.२८ मीटर लांब आणि १.१३ मीटर रुंद असते. अशी सुमारे शंभर पॅनेल लागतील, म्हणजे ५५ किलोवॅट. आमच्या सामाईक मीटरवर लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे मिळून महिन्याला सरासरी १,४०० युनिट जळतात आणि मंजूर भार १५ किलोवॅट आहे. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जास्तीची वीज वीज कंपनीला देऊन ती बिलातून वजा करून घेण्याच्या पद्धतीत, यंत्रणेची क्षमता मंजूर भारापेक्षा अधिक ठेवता येत नाही. मुंबईच्या उन्हात १ किलोवॅट क्षमता वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देते, तेव्हा १२ किलोवॅट, म्हणजे २२ पॅनेल, आम्हाला पुरेशी आहेत. त्यांना मधली मोकळी जागा धरून हजार-बाराशे चौरस फूट लागतात. उरलेल्या दीड हजारांहून अधिक चौरस फुटांवर काय घालायचे? कंपनीचे उत्तर होते, वीज न देणारी साधी काच. टेस्लाच्या छपरातही अशा मुक्या चकत्या असतातच. पण मग त्या काचेचे पैसे पत्र्याच्या कितीतरी पट, आणि काम पत्र्याचेच. वीज ही घराच्या गरजेवर मोजायची वस्तू आहे आणि छप्पर क्षेत्रफळावर. त्या दोन मापांचा मेळ एखाद्या बंगल्यात बसतही असेल, आमच्यासारख्या सोसायटीत तो बसत नाही.

उष्णतेचा मुद्दा एकात्मिक छपराविरुद्ध नेहमी मांडला जातो, आणि इथे त्या बाजूला न्याय द्यायला हवा. पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सियस तापमानाला मोजलेली असते; त्यावर प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण ०.३५ टक्क्याने घटते. एप्रिलच्या दुपारी पॅनेल सहज ६० अंशांवर जाते, म्हणजे बारा टक्के तिथेच गेले. सौर कौल लाकडी फळीला चिकटवलेले असेल तर पाठीमागून वारा न लागल्याने ते आणखी तापते आणि आणखी घटते. परंतु आमच्यापुढच्या प्रस्तावात छपराखाली आठ फूट मोकळी हवा होती, त्यामुळे हा आक्षेप त्याला लागूच पडत नव्हता. मी तो सभेत मांडला होता आणि नंतर मागे घेतला. वरच्या मजल्यावर सावलीने गारवा येतो हा लाभ दोन्हींत आहे, एकात पूर्ण गच्चीवर, दुसऱ्यात पॅनेल असतील तेवढ्याच भागावर.

वजनाबद्दल जी भीती व्यक्त झाली ती मात्र उलट्या बाजूची होती. पॅनेल आणि सांगाडा मिळून दर चौरस मीटरला वीस किलोच्या आसपास भार होतो. गच्चीवर आत्ता असलेला चार-पाच इंची कोबाच दोनशे किलोच्या घरात जातो. इमारत पॅनेलांनी खाली बसणार नाही. प्रश्न ती वाऱ्याने वर उचलली जाण्याचा आहे. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. उंचीचे आणि उताराचे गुणक लावण्याआधीच त्याचा दाब चौरस मीटरला शंभर किलोंच्या वर जातो. एका पॅनेलवर तो तीनशे किलो होतो. २०२१ च्या १७ मे रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले तेव्हा शेजारच्या इमारतीचे तीन पत्रे आमच्या पार्किंगमध्ये येऊन पडले होते, ते मी विसरलेलो नाही. सुट्या पॅनेलांच्या रांगांमधून वारा निघून जाऊ शकतो. अखंड छप्पर हे शिडासारखे असते, आणि त्याचे खांब स्लॅबमध्ये नव्हे तर खालच्या कॉलमवरच रोवावे लागतात, हे आमच्या अभियंत्यांनी स्पष्ट बजावले.

बदलीच्या पॅनेलचा प्रश्न मी वर ओझरता काढला. तो थोडा विस्ताराने सांगण्यासारखा आहे. काही वर्षांपूर्वी बाजारात सगळीकडे ३३० वॅटचे, साधारण १.९६ मीटर लांब आणि ०.९९ मीटर रुंद पॅनेल मिळत असे. आज ते माप शोधावे लागते. सांगाड्यावरच्या यंत्रणेत एखादे पॅनेल फुटले आणि नेमके त्या मापाचे मिळाले नाही, तर नवे थोडे पुढेमागे सरकवून बसवता येते, वीजजोडणी नीट जुळवली की भागते. छपरातले पॅनेल मात्र चौकटीत मोजून बसवलेले असते. चार इंचांचा फरक पडला की ते बसणारच नाही, आणि तिथून पाऊस आत येणार. आमच्या गल्लीत मुले क्रिकेट खेळतात. दिवाळीतले रॉकेट कुठे पडेल याची हमी कोणी देत नाही.

हे सगळे वाचून मी एकात्मिक छपराच्या विरोधात आहे असे वाटेल, म्हणून ते कुठे योग्य ठरेल तेही लिहितो. पार्किंगवरच्या मांडवाला ते उत्तम, कारण तिथे मुळात छप्परच नसते आणि एखादा थेंब गळला तर मोटारीचे काही बिघडत नाही. नव्याने बांधल्या जाणाऱ्या इमारतीत वास्तुविशारदाने पहिल्या आराखड्यापासून त्याचा विचार केला तर पन्हळी, उतार, देखभालीची वाट, सारे आधीच ठरवता येते. उंच टॉवरांत तर गच्ची लहान आणि बिऱ्हाडे शेकडो, तेव्हा भिंती आणि बाल्कनीचे कठडे विजेसाठी वापरण्यावाचून गत्यंतर नाही. पण इथेही एक अडचण आहे. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी शून्य सावलीच्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, म्हणजे उन्हाळ्यात दक्षिणेची उभी भिंत भर दुपारी जवळजवळ उन्हाविनाच राहते. हिवाळ्यात ती चांगली कमावते. युरोपातल्या काचेच्या भिंतींचे आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत, इतकेच माझे म्हणणे.

गोराईला माझ्या मावसभावाचे कौलारू घर आहे. त्याला वासे आणि रिपा बदलायच्या होत्या, म्हणून सौर कौलांचा मोह त्यालाही पडला. त्याने मला फोन करून विचारले, “दादा, कौले उतरवतोच आहे, तर तीच घालू का?” मी त्याला एवढेच मोजायला सांगितले, की ३ किलोवॅटसाठी मोठी पॅनेल सहा लागतात आणि कौलाएवढे तुकडे घेतले तर ते डझनांनी लागतील, आणि प्रत्येक तुकड्यामागे जोडणीचे सांधे असतील. खाडीच्या खाऱ्या हवेत दर सांधा हा गंजाला आवतण असतो; शंभरातला एक सैल झाला तर तो कोणत्या कौलाखाली आहे हे शोधायला पाखेच उलगडावे लागेल. त्याने मंगळुरी कौले परत चढवली आणि त्यांच्याखालून काढलेल्या स्टेनलेस स्टीलच्या आकड्यांवर पॅनेल बसवली. पंतप्रधान सूर्यघर योजनेतून त्याला ३ किलोवॅटचे ७८,००० रुपयांचे अनुदान मिळाले. त्याच्या बायकोला मात्र ती दिसायला आवडलेली नाहीत, आणि त्याबाबतीत तिचे खरे आहे. जुन्या तांबड्या कौलांवर ती काळी पाटी उपरी दिसते. सौंदर्याच्या कसोटीवर एकात्मिक छप्पर निर्विवाद जिंकते.

सोसायट्यांना सामाईक वापरासाठी याच योजनेत किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, म्हणजे आमच्या १२ किलोवॅटला २ लाख १६ हजार. त्यासाठी पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतीय बनावटीचे असावे लागतात. मुलुंड-भांडुपला वीज महावितरणची असल्यामुळे नेट मीटरचा अर्ज तिकडेच केला. बॅटरीविना चालणारी यंत्रणा पुरवठा खंडित झाला की आपोआप बंद होते, त्यामुळे १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईभर वीज गेली होती तशी वेळ पुन्हा आली तर आमची लिफ्टही सगळ्यांसारखीच थांबेल. हे सर्वसाधारण सभेत तीनदा समजावून सांगावे लागले.

ठराव शेवटी असा झाला. आधी कोबा उकरून वॉटरप्रूफिंग नव्याने करायचे. मग गच्चीच्या नळांची तोंडे बंद करून तीन दिवस पाणी साठवून ठेवायचे आणि खाली आमच्या छताला ओल येते का ते पाहायचे. ती चाचणी पार पडली तरच सांगाडा उभारायचा, तोही नव्या थराला भोक न पाडता, कॉलमवर आधीच ओतून घेतलेल्या काँक्रीटच्या उथळ्यांवर. २२ पॅनेल दक्षिणेकडे कलती, खालून माणूस ताठ चालेल एवढ्या उंचीवर. पाण्याच्या टाकीपाशी जाणारी वाट आणि तिच्या शेजारची एक पट्टी मोकळी, कारण पहिल्या मजल्यावरच्या आजींचे पापड तिथे वाळतात आणि त्यांनी सभेत ते लेखी नोंदवून घेतले आहे. दहा-बारा वर्षांत इमारत पुनर्विकासाला गेलीच तर बोल्ट सोडून पॅनेल नेता येतील.

कंत्राटावर सही करण्याआधी रेल्वेच्या काकांनी एक कलम वाढवायला लावले, आणि त्यावरून पंधरा दिवस घासाघीस चालली. वॉटरप्रूफिंगची हमी दहा वर्षांची आहे. त्या काळात गळती निघाली आणि दुरुस्तीसाठी पॅनेल उतरवून पुन्हा चढवावी लागली, तर त्या उतरवण्या-चढवण्याचा दर आजच किलोवॅटप्रमाणे लिहून द्यायचा, आणि दोष वॉटरप्रूफिंगचा निघाला तर तो खर्च त्या कंत्राटदाराने सोसायचा. दोन्ही कंत्राटदारांना एकाच दिवशी एकाच टेबलाशी बसवून त्या पानावर दोघांच्या सह्या घेतल्या. कोबा फोडायला पावसाळा संपल्यावर, दसऱ्यानंतर सुरुवात होईल. तोवर पंखा कपाटावर आहे आणि बादली तिच्या जागी.